डाव्या हाताचं टेबल

कंपनीत मंजुळा नाखवाच्या उजव्या हाताला कच्चा माल यायचा आणि डाव्या हाताला तयार माल जायचा. मधे ती बसायची.

ठाण्यात माजिवड्याजवळच्या त्या मोठ्या कंपनीत कारखान्यांना लागणारी विजेची पॅनेलं बनत. माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं आणि त्यांच्या पोटात तारांचं जंगल. पॅनेलाचा एकेक भाग मंजुळाच्या बाकावर यायचा, सोबत ड्रॉइंग असायचं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन सह्या असायच्या. काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. त्या तीन सह्या नसलेला कागद तिच्यापर्यंत पोचूच शकत नसे. ती तारा जोडायची, त्यांची जुडी करायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं जागोजाग बांधायची आणि भाग डावीकडच्या टेबलावर सरकवायची. तिथे तपासणीवाले असत. चूक सापडली तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवत, नाही सापडली तर शिक्का मारून पुढे. पुढे म्हणजे कुठे, हे मंजुळाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती.

ती चेंदणी कोळीवाड्यातली. खाडीतला मासा कमी होत चालला तसं तिच्या बापानं, नाथानं, मुलीला आयटीआयमध्ये घातलं. वाड्यातल्या बायका तेव्हा हसल्या होत्या. नाथाची पोरगी पक्कड घेऊन काय मासे धरणार, म्हणाल्या होत्या. पुढे तीच पोरगी निळा कोट घालून कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहायला लागली तेव्हा त्याच बायका आपल्या मुलींना तिच्या शेजारी उभ्या करायला लागल्या. जुडी बांधायची तिची गाठ मात्र बापाची होती, जाळं विणताना मारतात ती. कंपनीच्या पद्धतीत ती बसत नव्हती. सुपरवायझर केतकर साहेबांनी पहिल्यांदा हरकत घेतली, मग एकदा ओढून बघितली, आणि पुन्हा त्याबद्दल काही बोलले नाहीत.

अशी वर्षं गेली. लग्नही वाड्यातच झालं. नवरा चंदू ठाण्याच्या बसवर कंडक्टर, माहेर दोन गल्ल्या सोडून. सगळं जागच्या जागी होतं. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी आणि युनियन यांचं फिसकटलं आणि एका सकाळी गेटला टाळं दिसलं.

पहिले काही आठवडे मंजुळा इतरांबरोबर गेटसमोरच्या मांडवात बसली. नंतर मांडवातली गर्दी विरळ व्हायला लागली. कुणी गावाला गेलं, कुणी भाजीची गाडी लावली. अशात एका दुपारी विश्राम परब कोळीवाड्यात तिचं घर शोधत आला. विश्राम सावंतवाडीकडचा, इंजिनीअर. कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात वर्षभर शिकाऊ होता आणि मग सोडून गेला होता. जिन्यावरून उतरून तो कधी खाली कामगारांच्या बाकांपाशी आलेला तिला आठवत नव्हता, पण तिनं जोडलेलं एक पॅनेल त्यानं पाहिलं होतं आणि ती गाठ त्याच्या लक्षात राहिली होती.

तो आणि त्याचा मित्र दौलत भिसे मिळून एक यंत्र बनवत होते. त्या दिवसांत गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते. बूथमध्ये फोनशेजारी एक डबा लागतो. तो बोलण्याचा वेळ मोजतो, दर लावतो आणि छापील चिठ्ठी बाहेर काढतो. तो डबा. मोठ्या कंपन्यांचे डबे महाग होते आणि बिघडले तर माणूस यायला पंधरवडा लागे. यांना वाटत होतं, आपण बनवू आणि फोन आला की त्याच दिवशी जाऊ. हात मात्र कमी पडत होते.

कंपनीचं गेट उघडेपर्यंतच येईन, असं मंजुळानं पहिल्याच दिवशी बजावलं. विश्राम हो म्हणाला.

*

जागा डोंबिवलीत होती, पिठाच्या गिरणीवरचा पोटमाळा. गिरणी चालू असली की जमीन थरथरायची आणि फटींतून पीठ वर यायचं. संध्याकाळपर्यंत तिघांच्याही भुवया पांढऱ्या. गिरणी सुरू असताना वीज खालीवर व्हायची, म्हणून यंत्रांची चाचणी गिरणीवाला जेवायला गेला की घ्यायची. मंजुळाला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. ते तिला तिसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसली आणि ड्रॉइंगची वाट बघत राहिली. बराच वेळ गेल्यावर विश्रामनं विचारलं की काही अडलंय का. तिनं कागद मागितला. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर आकृती काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं कोपरे बघितले, एकही सही नव्हती. तिनं ते पान घेतलं खरं, पण लग्नात आहेर घेताना पाकिटावर नाव नसावं तशा चेहऱ्यानं.

दुसरी अडचण साहेबाची. ती दोघांनाही साहेब म्हणायची आणि दोघेही ओशाळायचे. दोघं तिच्याहून लहान. शेवटी दौलत म्हणाला, "ताई, इथं साहेब एकच. खालचा गिरणीवाला. वीज त्याच्याकडून येते." तेव्हापासून ते विश्रामभाऊ आणि दौलतभाऊ झाले.

दौलत माण तालुक्यातला, वाढलेला डोंबिवलीच्या चाळीत. बोलायला फटकळ, पायाला भिंगरी. तो यंत्रं विकायचा, स्कूटरवर घालून न्यायचा, बूथमध्ये बसवायचा आणि उरलेल्या वेळात खोकी चिकटवायचा. विश्राम सर्किट काढायचा, दुरुस्त्या करायचा आणि जिना झाडायचा. कुणाचं काम कुठं संपतं हे मंजुळाला शोधूनही सापडेना. एकदा फोन वाजत राहिला आणि तिनं उचलला नाही, कारण कंपनीत फोन उचलणारी बाई वेगळी असते. दौलत शिडीवरून ओरडला की ताई, घ्या की, चावत नाही. तिनं घेतला. उल्हासनगरचा एक बूथवाला चिठ्ठीतली शाई पुसट येते म्हणत होता. काय सांगावं ते तिला कळेना, म्हणून तिनं जे सुचलं ते सांगितलं. फीत उलटी घालून बघा. त्याचं काम झालं. त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा चंदूला ही गोष्ट तिनं दोनदा सांगितली.

चंदू सगळं ऐकून म्हणाला, "आमच्या बसमध्ये मी स्टेअरिंगला हात लावत नाय आणि ड्रायव्हर तिकीट फाडत नाय. तुमच्याकडे तिघं मिळून स्टेअरिंग धरता आणि तिकीट कोण फाडतंय?"

चंदूचं बोलणं थट्टेचं असलं तरी तिच्या मनात ते राहिलं. पोटमाळ्यावर स्क्रूड्रायव्हर कधीच जागेवर नसायचा. एक दिवस तिनं प्लायचा तुकडा भिंतीला ठोकला, एकेक हत्यार त्यावर ठेवून पेन्सिलीनं त्याची आकृती काढली आणि खिळे मारले. कंपनीत तशी फळी होती. दौलत म्हणाला, वा, बालवाडी झाली. आठवड्यानंतर तोच विश्रामवर डाफरत होता की पक्कड तिच्या घरात का नाही.

हळूहळू मंजुळाला तिथं मजा वाटायला लागली, जरी ती हे कुणाला बोलली नसती. एखादी तार लांब पडते असं तिनं म्हटलं तर विश्राम तिथल्या तिथं डब्याची रचना बदलायचा. कंपनीत तेच सुचवायला एक फॉर्म होता आणि तो कुणी भरलेला तिनं तरी पाहिला नव्हता. पण कंपनीतली सवय हातातून जात नव्हती. उजवीकडून सुटे भाग घ्यायचे, जोडायचे, बांधायचे आणि डावीकडच्या स्टुलावर ठेवायचे. डावीकडे जिना होता. ठेवलेले डबे थोड्या वेळानं तिथून नाहीसे होत. कुणीतरी तपासून नेत असेल, असं तिनं धरलं होतं. इतकं उघड होतं ते, की विचारावंसंही वाटलं नाही.

*

दसऱ्याच्या आठवड्यात बातमी आली की तडजोड झाली, सणानंतरच्या सोमवारी गेट उघडणार. ज्यानं त्यानं त्या दिवशी हजर व्हायचं. कोळीवाड्यात ज्या घरांतली माणसं कंपनीत होती त्या घरांत आधीच दसरा झाला. मंजुळाची सासू रंगूबाई देवीपुढे नारळ ठेवून आली. मंजुळानंही पोटमाळ्यावर सांगितलं. दौलत म्हणाला, ठरलेलंच होतं, आणि खोकी चिकटवत राहिला.

जायच्या आधी तिच्याकडे यंत्रांचा एक घाणा उरला होता. सणाला लोक गावी फोन लावतात, म्हणून दौलतनं त्या यंत्रांचा शब्द बूथवाल्यांना दिला होता. विश्रामनं ऐन वेळी आत एक भाग बदलला आणि कॅलेंडरच्या नव्या पानावर नवी आकृती काढून दिली. टेलिफोनच्या दोन तारा जिथे जोडायच्या त्या जागेवर मंजुळाचा हात अडखळला. लाल डावीकडे की उजवीकडे? कंपनीच्या नियमानं लाल उजवीकडे. पानावर मात्र नीट कळत नव्हतं. विश्राम सुटे भाग आणायला मुंबईला गेलेला. तिनं नियमाप्रमाणे लाल उजवीकडे जोडली, शंका मनात ठेवली आणि डबे डावीकडे सरकवले. तपासताना कळेलच.

नवमीच्या संध्याकाळी तिघांनी हत्यारांची पूजा मांडली. फळीवरची सगळी हत्यारं उतरवून पाटावर ठेवली, हळदकुंकू, झेंडूची फुलं. सोल्डरिंगच्या कांडीलाही फूल. आता ती हत्यारं दसऱ्याच्या दिवशी वापरायची नाहीत, हे सांगावं लागत नाही. दौलत माणला निघाला, विश्राम सावंतवाडीला. किल्ली मंजुळाकडे. दसऱ्याला सकाळी येऊन दिवा लावायचा, आपट्याची पानं ठेवायची आणि किल्ली गिरणीत द्यायची, एवढंच तिचं शेवटचं काम.

दिवा लावून ती उठली तेव्हा फोन वाजला.

कल्याणहून आवडाबाई बोलत होत्या. पारनाक्याजवळ त्यांचा बूथ होता. नवरा गेल्यावर त्यांनी तो हिमतीनं उभा केला होता, एवढं मंजुळा दौलतच्या तोंडून ऐकून होती. आवडाबाई ओरडत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी सांगितलं की नवं यंत्र पलीकडे घंटी वाजायच्या आत बिल लावायला लागलंय. पलीकडे कुणी उचलत नाही तरी चिठ्ठी बाहेर येते. गिऱ्हाइकं म्हणतात बाई लुबाडते. एकानं काच आपटली.

मंजुळानं सांगितलं की दोघं साहेब गावी गेलेत, परवा येतील.

"आणि तू कोण?" आवडाबाईंनी विचारलं.

मी वायरिंगला आहे, एवढंच उत्तर मंजुळाकडे आजवर होतं, आणि ते खरंही होतं. कंपनीत एवढ्यावर फोन पुढे कुणाकडे तरी देता आला असता.

"यंत्र मी बनवलंय," ती म्हणाली. "मी येते."

फोन ठेवून ती जिन्याकडे वळली. तिला काय बिघडलं असेल ते कळलं होतं. पलीकडच्या माणसानं फोन उचलला की तारेतली वीज उलटी वाहायला लागते. यंत्र तेवढ्या खुणेवर मोजायला सुरुवात करतं. दोन तारांची अदलाबदल झाली तर यंत्राला सुरुवातीपासूनच वाटत राहतं की पलीकडे फोन उचललाय. लाल तार. जिन्याजवळचं स्टूल रिकामं होतं. ते तिनं आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यावर ना दिवा होता, ना मीटर, ना बसायला जागा. कुणी तपासत असेल तर कुठं बसून? ज्या टेबलाच्या भरवशावर ती शंका पुढे ढकलत होती, ते टेबल माजिवड्याला राहिलं होतं. आणि दौलतला वाटत होतं, जिन्याजवळ ठेवलंय म्हणजे झालं.

हत्यारं पाटावर होती. फुलांखाली.

तिनं हात जोडले, स्क्रूड्रायव्हरवरचं फूल काढून देवापुढे ठेवलं, मग पक्कड, मग कांडी. बाप सांगायचा की नारळी पुनवेआधी होडी पाण्यात घालायची नसते. पण कुणाची होडी सुटून वाहून चालली तर पुनव बघत बसायचं नसतं. तिनं पिशवी भरली.

पारनाक्यावर बूथबाहेर माणसं उभी होती. आवडाबाई स्टुलावर बसलेल्या, पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, मोठ्या चष्म्यातून तिला वरपासून खालपर्यंत बघत. मंजुळानं यंत्राचं झाकण उघडलं आणि आत आपली गाठ दिसली. बापाची गाठ. दुसऱ्या कुणाचं काम असेल ही उरलीसुरली आशाही गेली.

"चूक माझी आहे, बाई," ती म्हणाली. "तार उलटी लागलेली. लाईनीत दोष नाही."

आवडाबाईंनी चष्मा काढून पुसला. मोठ्या कंपनीच्या यंत्राचा माणूस मागे दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्यांची लाईनच खराब असल्याचं सांगून गेला होता, असं त्यांनी बाहेरच्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग मंजुळाकडे वळल्या. "पाटावरचं हत्यार उचलून आणलंस का गं? कुंकू लागलंय त्याला."

"देवाची माफी मागून आणलंय."

"बरं केलंस. माझी मागू नको, काम कर."

तारा बदलायला फार वेळ लागला नाही. चाचणीसाठी रांगेतल्या पहिल्या माणसालाच आत घेतलं. गोदीत कामाला होता, त्याला रत्नागिरीकडे भावाला फोन लावायचा होता. घंटी वाजत राहिली आणि यंत्र गप्प. मंजुळा त्या छोट्या लाल आकड्यांकडे बघत होती. पलीकडे कुणीतरी उचललं आणि त्याच क्षणी आकडे चालू लागले. माणूस बोलायला लागला. आईची चौकशी, गाईची चौकशी, सोनं वाटलं का. बोलता बोलता तो हसला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ठेवल्यावर चिठ्ठी बाहेर आली. ती त्यानं वाचली, हिशेब भागवला आणि गेला.

इतकी वर्षं तारा जोडल्या, पण आपण जोडलेल्या तारेचं पुढे काय होतं ते मंजुळानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आवडाबाईंनी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "ही बघा, मशीन हिनंच बनवलंय. आता बोला काय बोलायचंय ते."

त्या घाण्यातली बाकीची यंत्रं डोंबिवलीत होती. मंजुळा संध्याकाळपर्यंत एकेका बूथवर गेली. कुठे तक्रार सुरू झाली होती, कुठे अजून कळलंच नव्हतं. एका बूथवाल्यानं यंत्र उचलून घेऊन जा म्हणून सांगितलं. तिनं त्याला अर्धा तास मागितला, काम केलं, आणि मग तो चहा घ्याच म्हणून आग्रह करत राहिला.

*

दोघं परत आल्यावर तिनं सगळं सांगितलं. दौलत तापला. त्याची बाजार गमावायची भीती साधी नव्हती. घरच्यांशी भांडून तो या धंद्यात उतरला होता.

"ताई, न तपासता डबे पाठवलेच कसे?"

"मी पाठवले नाहीत. तपासायला ठेवले होते."

"कुणाकडे?"

"तेच विचारतेय. कुणाकडे?"

विश्रामनं कॅलेंडरचं ते पान काढून पाहिलं. मग तो सांगू लागला की ती आकृती त्यानं डबा मागून बघितल्यासारखी काढली होती आणि तसं लिहायचं राहून गेलं. दौलतनं कबूल केलं की बूथमध्ये बसवताना त्यानं पोटमाळ्यावरच फोन लावून बघितला होता, मंजुळानं पहिल्या घंटीला उचलला, म्हणून त्याला कळलं नाही. तिघांनी मिळून स्टेअरिंग धरलं होतं. चंदू बोलला होता ते हेच, हे मंजुळाला आता कळलं.

जाताना दौलत जिन्यापर्यंत आला. सोमवारी नका जाऊ, एवढंच तो आधी म्हणाला. मग म्हणाला, पगार कंपनीएवढा देता येणार नाही, पण तिघांत वाटा करू.

घरात त्यावर दोन रात्री चर्चा झाली. रंगूबाईंना कायमची नोकरी सोडणं म्हणजे बांधलेलं घर सोडून मांडवात राहायला जाणं वाटत होतं. चंदूनं नेहमीसारखी थट्टा केली नाही, आणि त्यावरून तिला कळलं की तोही घाबरलाय. तो फक्त म्हणाला, माझा पगार आहे, तुझं तू बघ. मंजुळा माहेरी गेली. नाथा अंगणात कुणाचं तरी जाळं दुरुस्त करत होता. त्याची स्वतःची होडी विकून बरीच वर्षं झाली होती. वाट्याचं ऐकून त्याला नवल वाटलं नाही. होडीवर पगार नसतोच. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. तो जन्मभर तसाच जगला होता.

"पन येक ध्यानात ठेव," तो मान वर न करता म्हणाला. "वाटा घेतलास त होडीचं भोक पन तुजंच. पानी आत आलं त कोन काढील, असा इचारायचा नाय."

"ते मी करून आले, बाबा."

"मंग माज्याकडं कनाला आलीस?"

*

तरीही सोमवारी ती कंपनीत गेली. न बघता सोडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

गेटवर तोरण होतं, भोंगा झाला तेव्हा काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा बाक कुणीतरी पुसून ठेवला होता. उजव्या हाताला माल आला, तीन सह्यांचं ड्रॉइंग आलं. दिवा कुठे हवा तिथे, हत्यार जिथल्या तिथे, पायाखालची जमीन स्थिर. तिचे हात सुखावले. दुपारपर्यंत तिनं एक भाग पुरा केला, गाठ मारली आणि डावीकडे सरकवला. तपासणीवाल्यानं तो दिव्याखाली धरला, मीटर लावला, एकेक तार ओढून बघितली. ती हे रोज होताना बघायची, पण आज टक लावून बघत राहिली. किती चांगलं काम होतं ते. परक्याच्या नजरेनं, घाई न करता, बनवणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता. शिक्का बसला.

केतकर साहेब फेरीवर आले. तिनं विचारलं, "साहेब, हे पॅनेल कुठं जाणार?"

त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर वाचला. "डिस्पॅचला विचारावं लागेल. का गं?"

"चालू झालेलं बघता येईल का?"

केतकर साहेब भला माणूस. त्यांनी खरोखर विचार केला. मग त्यांनी सांगितलं की त्यांची निवृत्ती जवळ आली, पण आपलं एखादं पॅनेल चालू झालेलं त्यांनीही कधी पाहिलेलं नाही. ते काम साइटवाल्यांचं.

आठवडा पुरा करून तिनं राजीनामा दिला. केतकर साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "छोट्या जागेत मरमर असते, मंजुळा. आणि तिकडे तुझं काम तपासणार कोण?"

"तेच घेऊन चाललेय इथनं, साहेब. बनवेल त्यानं तपासायचं नाही."

पोटमाळ्यावर तिनं पहिलं काम केलं ते स्टूल हलवायचं. जिन्याजवळ एक टेबल आलं, त्यावर दिवा, मीटर आणि नीट खुर्ची. नियम एकच. ज्यानं जोडलं त्यानं तिथं बसायचं नाही. मंजुळानं जोडलेलं विश्राम तपासायचा, विश्रामचं दौलत, दौलतचं मंजुळा. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त डबे दौलतचे परत गेले. तो म्हणाला, ताई मुद्दाम करता. ती म्हणाली, हो, आणि लाल चिठ्ठी लावली. विश्रामची आकृती आता तीन सह्यांची झाली नाही, एका सहीची झाली. पण डबा पुढून बघितलाय की मागून हे लिहिल्याशिवाय ती कागद हातात घेत नसे.

पुढे त्यांचं बरं चाललं. पोटमाळा सुटला, औद्योगिक वसाहतीत शेड आली, माणसं वाढली. बूथचं काम कमी होईल हे दौलतनं वेळीच ओळखलं आणि ते छोट्या कारखान्यांसाठी नियंत्रणाचे डबे बनवायला लागले. मंजुळानं वायरिंगचा विभाग उभा केला. नवं पोर आलं की ती त्याच्या हातात पक्कड देत नाही. आधी एक यंत्र देते आणि दौलतबरोबर गिऱ्हाइकाकडे पाठवते. बसव, चालू झालेलं बघ, तिथल्या माणसाच्या दोन शिव्या खा, मग ये. मोठ्या कंपनीतून आलेल्या एका इंजिनीअरनं विचारलं होतं की हे ट्रेनिंग कुठल्या पद्धतीचं. कल्याण-पारनाका पद्धतीचं, ती म्हणाली.

दर खंडेनवमीला शेडमध्ये मोठी पूजा असते. ड्रिल, मीटर, पक्कडी, सगळं फुलांनी झाकलेलं. आवडाबाई अजून येतात, चष्मा सांभाळत, खुर्चीवर बसून सगळ्यांना नावं ठेवतात. एक पिशवी मात्र पाटावर जात नाही. एक स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, एक सोल्डरिंगची कांडी. ती डाव्या हाताच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. मंजुळा तिला आदल्या दिवशी बाहेरूनच हळदकुंकू लावते, आणि फोन वाजला तर हत्यार चटकन हाती यावं म्हणून पिशवीचं तोंड उघडं ठेवते.